ओला पडदा

सून सुती चादरीवर पाणी शिंपडून इस्त्री फिरवू लागली, की त्या वाफेच्या वासासरशी मी साठच्या दशकातल्या, कतारमधल्या दोहा शहरातल्या एका चिमुकल्या थिएटरात जाऊन बसते. थिएटर कसलं, गोदामामागचं अंगण आणि मधोमध ताणलेला पांढरा कापडी पडदा. पुढे खुर्च्यांवर पुरुष, पडद्यामागे चटयांवर आम्ही बायका. आमच्या बाजूलाही चित्र उमटावं म्हणून खेळाआधी पडदा पाण्याने भिजवायचे. चित्र उमटायचं, पण उलटं, त्यामुळे आमचा नायक कायम डाव्या हाताने जेवायचा. एका संध्याकाळी माझ्या शेजारी बसलेली दापोलीची चाची मध्येच उठली. "डाव्या हाताने जेवणारी माणसं बघून बघून वीट आला मला," म्हणाली आणि चटई काखेत मारून पुढच्या बाजूला निघाली. मीही माझी चटई उचलली. दारवान आडवा आला. "चाची, उधर मर्द लोग बैठे हैं." चाची थांबलीसुद्धा नाही. "मग त्यांना मागे पाठव. आमची जागा रिकामी झालीय." पहिल्या रांगेसमोर तिने चटई अंथरली. तिचा नवरा, ऑइल कंपनीतला कारकून, तिथेच बसला होता. त्याने मान खाली घालून खुर्ची मागे सरकवली आणि आम्हाला जागा करून दिली. काहीजण कुरकुरले, पण उठवायला कोणी आलं नाही. पुढच्या खेळाला सगळ्याच बायका पुढे येऊन बसल्या आणि पडदा भिजवायचं कारणच उरलं नाही. आता नात तिकिटं काढताना विचारते, "दादी, विच सीट?" मी सांगते, पडद्याच्या मागची सोडून कुठलीही.