मी पाव्हणी नव्हते, पॅसेंजर होते

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडाकडं धरली आणि म्हणाले, "बर्स्ट फ्रॅक्चर. एल वन." मग आमच्या ह्यांचा चेहरा बघून त्यांनी सोपं करून सांगितलं, "कमरेच्या जरा वरचा मणका दबून फुटलाय. त्याचा एक तुकडा मागं सरकलाय. तिथंच मज्जारज्जूची नळी असते. पायांच्या सगळ्या नसा त्यातून जातात."

मला फक्त 'फुटलाय' एवढंच ऐकू आलं. मणका म्हणजे काय मटका आहे का फुटायला?

"अंगठा हलवा," डॉक्टर म्हणाले.

उजवा हलला. डाव्याचं मला झोपल्या जागेवरून दिसत नव्हतं, म्हणून मी ह्यांच्या तोंडाकडं बघितलं. ह्यांचं तोंड वाचायला मला चष्मा लागत नाही. डावा हलला नव्हता.

त्या क्षणापासून पुढचे कित्येक दिवस मी एकाच गोष्टीला भ्याले. पाय जातील. मी पलंगावर पडून राहीन आणि मला कुणीतरी उचलेल, पुसेल, कुशीवर वळवेल. मरणाची भीती एवढी वाटली नाही. मरणात निदान दुसऱ्याला त्रास एकदाच होतो.

आता हे झालं कसं ते सांगते. गंगाखेडला बहिणीकडं गेले होते. परत परभणीला येताना बस भरून गेली, म्हणून बालाजीच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसले. बालाजी त्या रस्त्यावरचा जुना ड्रायव्हर. नातं काही नाही, पण माझ्या वयाच्या सगळ्या बायकांना तो मावशी म्हणतो. गाडीला परवाना आहे, विमा आहे, पण परवान्यात जेवढी माणसं लिहिलीत तेवढ्यावर त्याची गाडी कधी हललीय? "सरका मावशी, अजून एक शीट बसतंय," म्हणत तो भरतच असतो. ड्रायव्हर लोक माणसाला शीट म्हणतात. मी मागच्या आडव्या बाकाच्या अगदी टोकाला होते, निम्मी आत आणि निम्मी देवाच्या भरवशावर.

रस्त्यात एक ठिकाण आहे जिथं पोलीस गाड्या अडवतात. ते जवळ आलं की बालाजी मान मागं वळवून म्हणतो, "कुणी इचारलं तर आपण पाव्हणे हाव बरं का. साखरपुड्याला चाललाव." सगळी गाडी माना हलवते. आमच्याकडं जीपमधून जाणाऱ्या कुणालाही विचारा, तो कधी ना कधी ड्रायव्हरचा काका नाहीतर मामा झालेला असतो.

आणि मला तर हा प्रकार लय आवडायचा. घरच्या लग्नाकार्यात रात्री बायकांना जमवून गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं असतं. त्यामुळं मी नुसती मान हलवत नसे. एकदा पोलिसानं विचारलं तेव्हा मी नवरीचं नाव, तिचं शिक्षण, पोराकडच्यांनी जेवणात वांग्याची भाजी नको म्हणून धरलेला हट्ट, सगळं सांगितलं होतं. गाडीतल्या लोकांना ते खरंच वाटायला लागलं. एका म्हाताऱ्यानं उतरताना "आहेर राहिला" म्हणून हळहळही केली.

त्या दिवशी कुणीच अडवलं नाही. पुढं वळणावर उसाची ट्रॉली रस्त्यातच थांबलेली होती. बालाजी वेगात होता. त्यानं गाडी बाजूला काढली आणि ती रस्त्याच्या कडेवरून खाली खड्ड्यात आपटली. उलटली नाही. बाकीच्यांना खरचटण्यावर निभावलं. मी मात्र बाकावरून उडाले, टपाला डोकं लागलं आणि खाली बसले ती कमरेतून काहीतरी कडकन वाजलं. आधी वाटलं, बाक मोडला.

सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं अपघाताचा पेशंट आला की एमएलसी करतात. म्हणजे पोलिसांना कळवायची केस. जमादार आले, वही उघडली आणि विचारलं, "गाडीत कशा काय बसलात मावशी?"

मला पाय जड वाटायला लागले होते, आणि समोर खाकी कपडे. मी काय बोलावं? माझ्या तोंडातून आपसूक निघालं, "बालाजी माझ्या बहिणीचा पोरगा. साखरपुड्याला चाललो होतो."

नुसतं एवढ्यावर थांबले असते तरी बरं. पण सवय! नवरीचं नाव शीतल, ती डीएड झालेली, मुलाकडचे चारठाण्याचे. जमादार लिहीत गेले. आमचे हे पलंगाशी उभे होते. त्यांना वाटलं, मार डोक्याला लागलाय.

मग मला परभणीतल्याच एका हाडांच्या दवाखान्यात हलवलं आणि फिल्म निघाली, ते वर सांगितलंच.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करावं लागेल. स्क्रू आणि रॉड घालून मणका धरून ठेवायचा, नसांवरचा दाब काढायचा. डावा पाय किती परत येईल ते आत्ता मी सांगू शकत नाही. येईलही. थोडा राहूनही जाईल."

मी म्हणाले, "साहेब, खोटं तरी सांगा."

ते हसले नाहीत. "तुम्हाला खोटं सांगून माझा काय फायदा?" एवढंच म्हणाले.

मध्ये एमआरआय झाला. त्या नळकांड्यात घालून माणसाला गप्प पडायला सांगतात आणि बाहेरून कुणी पत्रा ठोकल्यासारखा आवाज येतो. मी आत डोळे मिटून डाव्या अंगठ्याला हाका मारत होते. लेकराला हाक मारावी तशी. तो काही ओ देईना.

मणका हलू नये म्हणून कुशीवर वळवताना तिघीचौघी मिळून लॉग रोल करतात. म्हणजे ओंडका लोटतात तसं सगळं अंग एकदम फिरवायचं. माझ्यासारखा ओंडका असला की सिस्टरबाईंचा घाम निघतो. "मावशी, तुमी हलकं व्हा जरा," एक म्हणाली. मी म्हणाले, "भीतीनं अर्धी झालेच आहे, बाकीची व्हायची राहिलीय." त्या हसल्या. त्यांची पाठ वळल्यावर मी पदर तोंडात धरून रडले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी बालाजी शहाळं घेऊन आला. दाढी वाढलेली, कपाळाला पट्टी. पायाशी उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, तुमच्यामुळं वाचलो. तुमी पाव्हणी म्हणून सांगितलं, न्हाई तर ज्यादा शिटांचा दंड, परमिटाची भानगड, लय बेजार झालो असतो."

माझी पोरगी रेखा खिडकीशी बसली होती. ती पाथरीला शाळेत शिकवते. तिचा आवाज चढत नाही, पण टोचतो. तो गेल्यावर ती म्हणाली, "आई, मी कोर्टातल्या वकीलबाईंना विचारून आले. भाडं देऊन बसलेल्या प्रवाशाला अपघातात लागलं तर भरपाईचा दावा करता येतो. गाडीचा विमा त्याच्यासाठीच असतो. पण तू तर जबाबात लिहून दिलंस की तू प्रवासी नव्हतीसच. घरची म्हणून फुकट बसली होतीस. विमावाले तेच धरून बसतील."

"मला आता कोर्टाचं काय सांगतीस? माझे पाय..."

"पायांचंच सांगायलेय! पाय नाही आले तर पुढची वर्षं कशावर काढणार? बाई ठेवायची, औषधं, व्यायाम. बालाजीच्या मावशीपणावर?"

मला तोवर वाटत होतं की भीती एकच आहे. आता तिला दुसरी भीती येऊन चिकटली. पाय जातील, आणि भरपाईचं दार बंद करणारी मीच असेन. आणि तिसरी अशी, की खरं सांगितलं तर खोट्या जबाबाबद्दल मलाच आत टाकतील. मी स्वतःला पलंगासकट तुरुंगात नेतानाही बघितलं. गोष्टी रचायची सवय वाईट. भीतीत तीच उलटते.

उद्या मला भूल देतील. उठले नाही तर माझी म्हणून शेवटची कागदावरची गोष्ट काय राहील? शीतलचा साखरपुडा.

मी रेखाला म्हणाले, "जमादाराला बोलव."

ते संध्याकाळी आले. मी सगळं सांगितलं. भाडं बसतानाच दिलं होतं, शेजारच्या बाईनं बघितलं, तिकीट म्हणून काही मिळत नसतं, आणि बालाजी माझा कुणी नाही.

जमादारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हणजे शीतल न्हाई?"

"न्हाई, साहेब."

"चारठाण्याचे पाव्हणे?"

"तेबी न्हाई."

"मावशी, मी घरी बायकोला सांगितलं वो, पोरीचा साखरपुडा मोडला म्हणून. तिला लय वाईट वाटलं."

मग त्यांनी समजावलं की घाबरलेल्या अवस्थेत दिलेल्या जबाबात दुरुस्ती करायची असेल तर पुरवणी जबाब देता येतो. लगेच दिलेला बरा. ते लिहीत होते आणि मी प्रत्येक वाक्य छाटून, एकही तोंडीलावणं न घालता सांगत होते. आयुष्यात एवढी बेचव गोष्ट मी कधी सांगितली नव्हती.

रेखाकडून बालाजीला फोन लावून घेतला आणि जबाब बदलल्याचं मी स्वतःच सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मावशी, माझी गाडी जाईल."

"गाडी न्हाई जात म्हणतात वकीलबाई. ज्यादा माणसं भरली त्याचा दंड होईल तो होईल. बालाजी, माझा डावा पाय हलत न्हाई रे."

फोन बंद झाला. कुणी केला, त्यानं की मी, आठवत नाही.

सकाळी स्ट्रेचरच्या लांब गाडीवर घालून नेलं. वर एकामागं एक दिवे सरकत होते. थिएटरच्या दारात हे थांबले. त्यांनी माझ्या डाव्या पायाचा अंगठा धरला आणि सोडला. मला तो हात जाणवला नाही. हे कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितेय.

शुद्धीवर आले तेव्हा घसा जळत होता आणि कुणीतरी म्हणत होतं, "अंगठा हलवा." मी हलवला. म्हणजे हलवायचा म्हणून जोर लावला. "थोडं आहे," डॉक्टर म्हणाले. "थोडं, पण आहे." मी ते वाक्य पुढं किती दिवस पुरवून खाल्लं.

मग पट्टा आला. ब्रेस म्हणतात, छातीपासून कमरेपर्यंत आवळणारा. पहिल्यांदा उभं केलं तेव्हा जमीन विहिरीसारखी खोल दिसली. फिजिओथेरपीच्या सरांनी हात सोडला की मी किंचाळायचे. ते म्हणायचे, "काकू, मी सोडलाच नाही अजून." भीती अशी असते. धरलेला हातसुद्धा सुटलेला वाटतो.

ह्याच दिवसांत रेखानं सांगितलं की बालाजीनं पोलिसांत जाऊन स्वतः लिहून दिलं. मावशी भाडं देऊन बसली होती, गाडी मी वेगात चालवत होतो. दंड झाला. गाडी त्याच्याकडंच आहे. मला तेव्हा त्याचं शहाळं आठवलं. ते मी रागात प्यायलेच नव्हते, सिस्टरला दिलं होतं.

दावा जिल्हा न्यायालयातल्या मोटार अपघाताच्या न्यायाधिकरणात दाखल झाला आहे. तारखा पडतात. विमा कंपनीच्या वकिलांनी पहिला जबाब काढला, आम्ही दुसरा काढला. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं मी आता बोलत नाही. तुमच्यावर किंवा तुमच्या माणसावर अशी वेळ आली तर एवढंच सांगते. दवाखान्यात पहिल्यांदा विचारतील तेव्हा जसं झालं तसंच सांगा. तिकीट नसलं म्हणून प्रवासी नाही असं होत नाही, शेजारी बसलेल्या माणसाचं नाव मात्र विचारून ठेवा. दाव्याला मुदत असते, म्हणून लवकर चौकशी करा. कोर्टाच्या आवारात मोफत सल्ल्याचं कार्यालय असतं, बाईमाणसाला तिथं वकील फुकट मिळतो. आमच्या वकीलबाई तिथल्याच. दवाखान्याचे सगळे कागद जपा. आणि घरातल्या हुशार गोष्टीवेल्हाळ बाईला त्या वेळी बोलू देऊ नका.

मी काठी घेऊन चालते. डावा पाय जरा फरफटतो. ज्यांनी तो परत आणला त्या डॉक्टरांना, ओंडका लोटणाऱ्या सिस्टरबाईंना मी रोज मनात नमस्कार घालते.

परवा पहिल्यांदा गंगाखेडला निघाले. बस चुकली. म्हणून जीपसमोर उभी राहिले. ह्यांनी मला मधल्या सीटवर, आत बसवलं. ड्रायव्हर दुसरा होता, नवा पोरगेला. प्रत्येक खड्ड्याला मी पदराखालून पट्टा घट्ट धरत होते. मग पोलीस अडवतात ते ठिकाण जवळ आलं आणि त्यानं मान वळवली.

"पुढं साहेब दिसायलेत. कुणी इचारलं तर आपण पाव्हणे हाव."

माना हलल्या. ह्यांचीही हलली.

"मी न्हाई," मी म्हणाले. आवाज फाटला, तरी म्हणाले. "मी भाडं दिलंय, बाबा. मी शीट हाय."

समोरची एक बाई मांडीवरची पिशवी सावरत म्हणाली, "मग मीबी शीटच की."

ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं बघितलं. रागानं म्हणावं तर तसं नव्हतं. आपल्या गाडीत कोण बसलंय हे त्याला आत्ताच कळल्यासारखं बघितलं. आणि त्यानं वेग कमी केला.

मी चपलेत डावा अंगठा हलवून बघितला. हलला.