तातेरावांच्या टाकीचं पोट

जुन्या जालन्यात माझ्या कापडाच्या दुकानामागं ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारी टाकी बसली आणि ती सांभाळायला तातेराव आले. राजूरकडचे, साठीला टेकलेले, जन्म गुराढोरांत गेलेला. टाकीलाही ते जनावरासारखंच वागवायचे. घरोघरचा भाजीपाला, शिळंपाकं हातानं निवडायचे, शेणपाण्यात कालवायचे आणि सकाळी एकदाच भरवायचे. "पोट हाय तिला," म्हणायचे. आम्ही हसायचो. पण त्याच गॅसवर शेजारच्या अंगणवाडीत शालूताई चाळीस पोरांची खिचडी शिजवायच्या.

गणपतीत आमच्या मंडळाचा भंडारा झाला. अंदाज माझा होता आणि तो सपशेल चुकला. चार पातेली बुंदी, तीन पातेली वरणभात उरला. महाप्रसाद नालीत टाकायचा कुणाला धीर होईना. मंग कुणीतरी म्हणालं, टाकीत घाला, पोरांच्या चुलीला लागेल. अन्न सत्कारणी, पुण्य पदरात! आमची अक्कल एवढीच.

तातेराव टाकीच्या तोंडाशी आडवे आले. "मालक, इतकं गोड अन् भात झेपायचं न्हाई तिला. माझा सर्ज्या बैल लग्नातलं उरलेलं खाऊनच गेल्ता. ठिवून जा, थोडं थोडं घालतो."

"गणपतीच्या प्रसादाला नाही म्हणता, तातेराव?" मी म्हणालो.

बस, एवढंच. त्यांनी टोपी काढली, पातेल्यांना हात जोडले आणि बाजूला झाले. राजूरच्या गणपतीची चतुर्थी धरणारा माणूस आणखी काय करणार होता?

तिसऱ्या दिवशी शालूताईंची शेगडी पेटेना. टाकीतून आंबूस वास यायला लागला. तातेरावांनी चुन्याचं पाणी घातलं, ताजं शेण घातलं आणि टाकीचा ठेका घेतलेल्या ठेकेदाराच्या माणसाला विनवलं, "वीस दिवस उपाशी ठिवा, उठंल ती."

तो म्हणाला, "रोज दोन क्विंटल कचरा गेलाच पाहिजे, कागदावर तसं आहे. नाहीतर दुसरा माणूस बघतो."

दुसरा माणूस तर डोळे झाकून ओतेल, म्हणून तातेराव पुन्हा भरवायला लागले. त्यातही निवडून, जमेल तेवढं कमी. एकदा माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "मला दिसून राह्यलं, ती मरून राह्यली. अन् मीच भरवून राह्यलो." मी चहा मागवला.

टाकी पुरती बंद पडली आणि पुढं चौकशी झाली. कामगाराचा हलगर्जीपणा, असं ठरलं. चौकशीला आलेले साहेब माझ्या दुकानापासून दहा पावलांवर उभे होते आणि मी गिऱ्हाइकाला अडीच मीटर पॉपलिन मोजून देत होतो. एक वाक्य बोललो असतो तरी चाललं असतं. तातेरावांनीही माझं नाव घेतलं नाही, याचा मला अजून राग येतो. घ्यायला पाहिजे होतं त्यांनी.

टाकीला कुलूप लागलं. पोरांची खिचडी आता लांबून डब्यातून येते, गारढोण. तातेराव कचऱ्याच्या गाडीवर आहेत.

आज सकाळी दारात आले. "मालक, ओला अलग केला का?"

"केलाय," मी म्हणालो.

त्यांनी ओल्याच्या बादलीत हात घालून दुधाची एक पिशवी वेचून काढली, बराबर, पहिल्यासारखी. मग ओल्या-सुक्याच्या दोन्ही बादल्या गाडीतल्या एकाच ढिगावर उपड्या केल्या.