दिलावरचाचांचा राहिलेला घाट

चाचा गेल्याचा फोन आला तेव्हा त्यांचं कार्ड माझ्या टेबलाच्या खणात होतं. कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड. फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वरून माझा जुना स्वेटर लपेटून ठेवलेलं. बंगळुरूतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये जेवणाची सुट्टी संपत आली होती, मी डबा धुऊन हात पुसत होतो. फोनवर चाची होत्या. "तुन्हा चाचा गयात रे बेटा," एवढंच म्हणाल्या. सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत... मी काहीतरी बोललो असेन, आता आठवत नाही. फोन ठेवल्यावर मी खण उघडला, स्वेटर जागेवर आहे का ते पाहिलं आणि खण बंद केला. असं का केलं, माहीत नाही.

ते कार्ड सहा महिने तिथं पडून होतं. दिवाळीला नेणार होतो, नेलं नाही. रमजानच्या ईदला नक्की नेतो म्हणालो, तेव्हाही नाही. सुट्टी मिळत होती. खरं कारण असं, की चाचांचा कॉम्प्युटर फार जुना, आणि हे नवं कार्ड त्याच्यात चालेलच याची मला खात्री होत नव्हती. माझं हे लहानपणापासूनचं आहे. खात्री झाल्याशिवाय मी हात घालत नाही, आणि खात्री तर कधी होतच नाही. चाचा फोनवर हसायचे. "घाट चढीसन देखना पडस रे दिन्या. खाले बसीसन कोठे समजस?" घाट चढूनच बघावा लागतो, खाली बसून कसं कळेल. त्यांना खरोखरच घाट चढायचा होता. म्हणून तर ते कार्ड.

दिलावरचाचा मूळचे ट्रकड्रायव्हर. सुरत ते नागपूर आणि परत, असं सव्वीस वर्षं. मी त्यांना भेटलो तेव्हा ते नवापूरच्या एका पोल्ट्री फार्मच्या गेटवर बसत होते, आणि मी त्याच फार्मवर शेडमध्ये अंडी गोळा करायला होतो. वय एकोणीस. शाळा नववीत सुटली होती. घरचे ऊसतोडीला गुजरातेत जायचे, त्या वर्षी मीही गेलो आणि परत आल्यावर वर्गात जायची लाज वाटली, इतकी साधी गोष्ट. घरी आम्ही मावची, आमची आदिवासी बोली, बोलतो, शाळेची मराठी मला अर्धीच आली होती, आणि चाचा अहिराणीत हिंदी-गुजराती मिसळून बोलायचे, पण आमचं जमलं. गेटवर येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या मागच्या चाकाला ते हात लावून बघायचे. ट्रकवाले चिडवायचे, "काय चाचा, ताप मोजी ऱ्हायनात का?" चाचा म्हणायचे, "तुन्हा ब्रेक चिकटना शे. सुरतले पोचशील का माले शंका शे." बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

गाडी त्यांनी स्वतःहून सोडली होती. साखरेच्या दुखण्यानं पायाची जाणीव कमी होत गेली. एकदा कोंडाईबारीचा घाट उतरताना ब्रेक दाबला आहे की नाही, हेच त्यांच्या पायाला कळेना. गाडी खाली सुखरूप आली. घाटाच्या पायथ्याशी त्यांनी ती बाजूला घेतली, क्लीनरच्या हातात चावी दिली आणि एसटीनं घरी आले. त्यानंतर कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही शेंगा सोलता सोलता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

मग फार्मच्या ऑफिसमध्ये नवा कॉम्प्युटर आला आणि मालकांनी जुना चाचांना देऊन टाकला. कुणीतरी त्यात ट्रकचा एक गेम टाकून दिला. पाय लागत नाहीत, चार बाणांच्या बटणांवर सगळी गाडी चालते, हे कळल्यावर चाचा जे बसले ते बसलेच. संध्याकाळी ड्युटी सुटल्यावर मी त्यांच्या घरी जायचो. ते गाडी चालवायचे, मी शेजारी क्लीनरसारखा. चाची आतून म्हणायच्या, "एवढा वरीस बाहेर गाडी चालाडी, आते घरमा बी तेच!" चाचा मान न वळवता म्हणायचे, "आते टायमावर घरी तर ऱ्हास ना!"

एकदा त्याच गेमचा पुढचा भाग आला. त्यात काचेवर पाणी ओघळायचं, वायपर चालायचे. आमच्या कॉम्प्युटरवर तो सुरू व्हायचा, पण गाडी अशी सरकायची, की पायी जाणारा माणूस पुढे निघून जावा. चाचा म्हणाले, इंजिन लहान पडतंय, मोठं बसवू. आम्ही दोघं रविवारी पॅसेंजरनं सुरतला गेलो. दुकानदारानं कॉम्प्युटरची माहिती विचारली, मी कागदावर नंबर उतरवून नेले होते, ते दाखवले. त्यानं एक जुनं कार्ड आणि वाढीव रॅम दिली. परत येताना पिशवी मी मांडीवर धरून बसलो होतो. चाचा म्हणाले, "अंडाना ट्रे शे का तो?"

बसवायचं कोणी, तर मी. चाचांना बारीक स्क्रू दिसत नव्हते. मी आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर उघडला. आत एका चौकोनी पंख्याखाली राखाडी रंगाची जाड गादी होती, मऊ, अगदी घट्ट बसवलेली. मला वाटलं, कंपनीनं हादरे बसू नयेत म्हणून घातली असणार. तिला धक्का लागू नये म्हणून मी श्वास रोखून काम केलं. कार्ड बसलं, रॅम बसली, चित्र आलं. गाडी कशी पळाली म्हणता! चाचा हॉर्न वाजवतच सुटले. आणि दहा-बारा मिनिटांत सगळं काळं. पुन्हा सुरू केलं, पाच मिनिटांत बंद. मग सुरूच होईना.

मी जाळलं, असंच मला वाटलं. या माणसानं एकदा गाडी सोडली, त्याला परत मिळाली, आणि ती मी घालवली. दुसऱ्या दिवशी मी फार्मवर मागच्या कुंपणातून गेलो, गेट टाळून. असं आठ दिवस. नवव्या दिवशी चाचा काठी टेकत शेडमध्येच आले. एवढ्या कोंबड्यांचा गोंगाट, त्यात मोठ्यानं म्हणाले, "काबरं घाबरस रे? मन्ही गाडी बंद पडनी, तुन्ही नोकरी थोडी गयी!" मी खाली बघत म्हणालो, चाचा, माझ्या हातून जळलं. त्यांनी विचारलं, "गाडी तापनी का काय करतस?"

"बॉनेट उघडतात."

"मंग उघाड ना. पळी कशाले ऱ्हायना?"

त्या संध्याकाळी पुन्हा उघडलं. चाचांनी आत हात घातला, घाटाच्या पायथ्याशी चाकाला लावावा तसा तळवा त्या गादीवर ठेवला. मग दोन बोटांनी चिमूट काढली, उजेडात धरली आणि माझ्याकडे बघत राहिले. पिसं होती. कोंबडीच्या छातीवरची बारीक पिसं आणि खाद्याची भुकटी, वर्षानुवर्षं पंख्यानं ओढून दाबून बसवलेली. कॉम्प्युटर फार्मच्या ऑफिसमध्येच तर होता इतकी वर्षं. मी दिवसाचे आठ तास पिसांत असायचो, जेवताना ताटातून पिसं काढायचो, झोपताना कानातून... आणि मला ओळखता आली नाहीत. कारण ती कॉम्प्युटरच्या आत होती. आत जे असेल ते शिकलेल्या लोकांनी विचार करून ठेवलेलं असणार, आपण कोण हात लावणारे, असं मी धरून चाललो होतो. चाचा एवढे हसले, की चाची बघायला बाहेर आल्या. चाचांनी ती चिमूट चाचींच्या तळहातावर ठेवली. "देख, दिन्यानी कंपनीनी गादी!"

भांडी घासायच्या जुन्या ब्रशनं मी ती पिसं काढली. कॉम्प्युटर सुरू झाला, आणि बंद पडायचा थांबला.

त्यानंतर चाचांनी गेटवरून माझी जाहिरातच सुरू केली. आमचा दिनेश कॉम्प्युटर दुरुस्त करतो. नवापूरच्या आसपासच्या पोल्ट्रीवाल्यांचे कॉम्प्युटर माझ्याकडे यायला लागले, आणि खरं सांगतो, दहातल्या आठांत तीच गादी. पिसं काढता काढता मी बाकीचं शिकलो. पुढे पोल्ट्रीची यंत्रं पुरवणाऱ्या एकानं बंगळुरूच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या वर्कशॉपची ओळख काढून दिली. जायच्या आदल्या दिवशी मी चाचांना विचारलं, शिक्षण विचारलं तर काय सांगू? म्हणाले, "नववी म्हन. आनि मशीन उघाडी दखाड." तिथं तसंच केलं. आजही आमच्याकडे डिप्लोमावाली पोरं आहेत, त्यांच्या मधे बसून मी मशीन उघडतो तेव्हा हात पहिल्या स्क्रूपाशीच अडतो. पण मग मी मागच्या बाजूला तळवा ठेवतो. पोरं चिडवतात, "दिनेशअण्णा, नाडी बघताय का?" मी हसतो. कुणाकडून शिकलो ते सांगत नाही. सांगायचं म्हटलं तर घाटापासून सांगावं लागेल.

मी वर्षातून एकदा घरी गेलो की चाचांकडे असायचोच. मागच्या भेटीत त्यांनी मला अजून नवा एक गेम दाखवला. म्हणजे, नीट चालू शकत नव्हता तो दाखवला. त्यात आपल्याकडचे रस्ते होते. ढाबे, टोलनाके आणि घाट. "कोंडाईबारी नही, पन तसाच शे," चाचा म्हणाले. गाडी घाटाच्या पायथ्यापर्यंत धक्के खात जायची, तिथं चित्र थांबायचं. त्यांनी मला तीन वेळा करून दाखवलं. तिन्ही वेळा पायथ्याशीच. मग बाणांच्या बटणांवरची बोटं उचलून म्हणाले, "एकदाव वर जाई येवानं शे. आनशी ना?" मी हो म्हणालो. परत आल्यावर कार्ड मिळवलंही... आणि पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

चाळिसाव्याला, म्हणजे चाचांसाठी चाळिसाव्या दिवशी असलेल्या दुआला, गेलो. कार्ड, मोठा पॉवर सप्लाय, अवजारं, सगळं पिशवीत. गाडीत छत्तीस वेळा वाटलं, आता कशासाठी? चाळिसाव्याचं जेवण झालं, माणसं पांगली. कोपऱ्यात कॉम्प्युटरवर चादर टाकलेली होती. नातेवाइकांपैकी कुणीतरी म्हणत होतं, भंगारवाल्याला देऊन टाका, जागा अडते. मी पिशवीकडे बघत होतो. चाचीच म्हणाल्या, "ते तू आनेल शे का?" म्हटलं, हो चाची, पण फार उशीर झाला. त्यांनी उठून चादर काढली, नीट घडी घातली. "लाव."

कार्ड लांब निघालं. जुन्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कच्या खणाला अडत होतं. खणाचे चार स्क्रू काढून तो अख्खा बाहेर काढला, डिस्क बाजूला पट्टीनं बांधली. पॉवर सप्लाय बदलला. बटण दाबलं, पंखा फिरला, पण पडदा काळाच. इतक्या वर्षांचा अनुभव, रोज हेच काम, आणि त्या घरात मी पुन्हा एकोणीस वर्षांचा. उठून चपला घालून निघून जावंसं वाटलं, मागच्या कुंपणातून. चाची खाटेवरून बघत होत्या. "तापनी का?" त्यांनी विचारलं. नाही चाची, अजून चालूच झाली नाही. "मंग उघाड ना. बैठी काय ऱ्हायना?"

उघडलं. कार्डाला वीज देणारी वायर जोडायचीच राहिली होती. जोडली. चित्र आलं.

गेम सुरू केल्यावर गाडी तिथंच होती, घाटाच्या पायथ्याशी, चाचांनी सोडलेली. मला वाटत होतं, हा घाट मी चढवावा, कबूल केलं होतं म्हणून. खुर्ची ओढली, पण चाची पुढे आल्या. "सरक. तीस वरीस झाया लगनले, एक दिन गाडीमा नही बसाडं मले त्या मानूसनी." आणि बसल्या. बटणांवरचे बाण घासून पार पुसले होते, कुठलं काय ते दिसत नव्हतं. मी सांगितलं, हे पुढे, हे डावीकडे. पहिल्याच वळणावर त्यांनी गाडी कठड्याला घासली. दुसऱ्या वळणावर समोरच्या टेम्पोला शिव्या दिल्या, थेट चाचांच्याच. तिसऱ्यावर गाडी मागे घसरायला लागली, तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला, आणि मी ओरडलो, "चाची, पुढचं, पुढचं दाबा!" आम्ही दोघं इतके हसलो, की शेजारची बाई दारात येऊन चाळिसावा याच घरी ना, म्हणून बघून गेली. बराच वेळ लागला. पण एकदाची झाडं खाली गेली, रस्ता सपाट झाला, समोर नुसतं आभाळ. चाचींनी बोट उचललं. गाडी हळूहळू थांबली. त्या म्हणाल्या, "असं ऱ्हास का वर?" मी म्हटलं, हो.

मग मी सवयीनं कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला. चाचींनी मनगट धरलं. दुसरा हात कॅबिनेटच्या मागे नेऊन त्यांनी तळवा टेकवला, डोळे किंचित मिटून.

"लगेच बंद नको करू बेटा. घाट चढी येल शे. जराशी उभी ऱ्हाऊ दे."

त्या चहा टाकायला आत गेल्या. आम्ही चहा पिईपर्यंत पंखा फिरत राहिला.