सुई वाकली, तर रेषही वाकेल

घाटंजीकडच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात एक पुण्यकर्म चालायचं. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेआधी रीडिंग फळ्यावर लिहून द्यायचे, पोरांनी ते घोकायचे. मी फिजिक्स शिकवायला लागले आणि सांगून टाकलं, "मी नाही देत." प्राचार्य म्हणाले, "मॅडम, मार्क पोरायचे जातीन, तुमचं काय जाते?" बोलणं खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. पण ज्यानं सुई फिरताना पाहिलीच नाही, त्याला चुंबकीय क्षेत्र काय डोंबलाचं कळणार?

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. पट्टीचुंबकाभोवतीच्या रेषा काढायच्या होत्या. होकायंत्राची सुई जिकडे वळेल तिकडे ठिपका द्यायचा, होकायंत्र पुढे सरकवायचं, शेवटी ठिपके जोडायचे. सगळ्यांचे कागद गाइडमधल्यासारखे सुबक! मी मनात म्हटलं, मेल्यांनो, सुईकडे एकानंही पाहिलं नाही. फक्त एका पोरीच्या रेषा वाकड्या होत्या, एका बाजूनं टेबलाच्या कडेकडे ओढलेल्या. तिच्या तांड्यावरून बारावी सायन्सपर्यंत पोचलेली ती पहिलीच. नर्सिंगला जायचं म्हणून एकेका मार्काला जपायची.

परीक्षक म्हणाले, "हे चूक आहे. खोड आणि पुस्तकातल्यासारखं काढ, नाहीतर शून्य देईन."

हट्ट माझा आणि भरणार ही! 'खोड वं बाई' अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात ती बोलली, "सर, सुई अशीच दाखवून राह्यली. मी कायले खोडू?"

मग मी कशाला गप्प बसते! आमच्या टेबलांना प्लायवूडखाली लोखंडी अँगल आहेत. मी तिचा कागद, चुंबक, सुई सगळं उचलून खिडकीजवळच्या लाकडी स्टुलावर मांडलं. तिथं सुई गाइडमधल्या वाटेनं गेली. परत टेबलावर आणलं, तर कडेकडे झुकली.

"सर, टेबलात लोखंड आहे. सुई खोटं नाही बोलत."

"पण पुस्तकात असं नाही."

"पुस्तकाच्या टेबलाले लोखंड नसंन!" माझा आवाज चढला. दारातून प्राचार्यांनी डोळे वटारले. वटारा म्हटलं, खुशाल वटारा.

परीक्षकांनी खिशातून स्वतःचं रबर काढून तिच्या कागदावर ठेवलं. "नियम म्हणजे नियम."

पोरीनं रबर उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं. "खोडाचं असंन तं तुम्हीच खोडा, सर. मी पाह्यलेलं मी नाही खोडत."

परीक्षकांनी खाली वाकून स्वतः होकायंत्र कडेकडे सरकवलं, मागे घेतलं, पुन्हा सरकवलं; सुई दर वेळी कडेकडेच झुकली. मग तिच्याकडे न बघता पूर्ण मार्क मांडले.

मागे खुसपूस झाली म्हणून वळून पाहिलं. बाकीचे सगळे आपापल्या सुबक रेषा खोडत होते.