राखीव सैन्यातली नात

माझे वडील भारतीय सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या समाजाची सैन्यभरती एकेकाळी इंग्रज सरकारने बंद करून टाकली होती, हे आमच्या घरात शाळेतल्या धड्यांच्या आधी सांगितलं जाई. पुढे ती भरती पुन्हा सुरू झाली, म्हणून बाबा पलटणीत गेले. आणि बाबा पलटणीत गेले, म्हणून मी इंजिनियर झाले. सैनिकांच्या मुलांना मिळणारी शिष्यवृत्ती नसती, तर विदर्भातल्या तालुक्याच्या शाळेतून मी नागपूरच्या कॉलेजात पोचले नसते, कॅनडात ऑटवाजवळच्या कनाटा उपनगरातल्या टेलिकॉम कंपनीत तर नाहीच. घरातली पहिली पदवी माझी. त्याचं श्रेय मी अजूनही मनातल्या मनात त्या पलटणीला देते.

त्यामुळे माझ्या मुलीने इथल्या राखीव सैन्यात जायचं ठरवलं, तेव्हा मला आनंदच झाला. तेव्हा आम्ही कॅनडाचे नागरिक नव्हतो, पीआर म्हणजे कायमचे रहिवासी होतो. पूर्वी इथलं सैन्य नागरिक नसलेल्यांना सहसा घेत नसे. मग नियम बदलला आणि पीआर असलेल्यांनाही दार उघडलं. आठवड्यातली एक संध्याकाळ, मधूनच एखादा शनिवार-रविवार, उन्हाळ्यात प्रशिक्षण. आम्हा नवरा-बायकोला हे सारं कॉलेजातल्या छात्रसेनेसारखं वाटलं. मी स्वतः छात्रसेनेत होते. पट्ट्याचं पितळ घासायचं, परेड करायची आणि नंतर मिळणारा नाश्ता खाऊन घरी यायचं. "सर्टिफिकेट मिळेल, पुढे नोकरीला कामाला येईल," नवरा म्हणाला. मराठी मंडळाच्या मैत्रिणींनाही मी तेच सांगितलं. त्यांच्यापैकी एकीलाही वेगळं काही वाटलं नाही.

बाबांना मात्र छात्रसेना वगैरे सांगायची गरज पडली नाही. नात सैन्यात गेली, एवढंच त्यांनी गावभर केलं. व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "सॅलूट करून दाखव."

तिने केला, तळवा खाली वळवून.

"तळवा लपवते काऊन? काही चोरून आणलं का?"

"आबा, इथे असाच असतो. इट्स फ्रॉम द नेव्ही. जहाजावरच्या लोकांचे हात डांबराने काळे असायचे म्हणे."

"मंग जमिनीवर आल्यावर हात धुवा म्हणा."

ती इतकी हसली की फोन तिच्या हातातून निसटला.

दोन वर्षांनी आम्ही तिघांनी इथलं नागरिकत्व घेतलं. आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नसतं, म्हणून भारतीय पासपोर्ट परत केले आणि ओसीआय कार्डासाठी अप्लाय केलं. ते कार्ड असलं की भारतात जायला पुन्हा पुन्हा व्हिसा काढावा लागत नाही. अर्जात परदेशी सैन्याबद्दल प्रश्न होता. आमचे एक परिचित म्हणाले, "अहो, पार्ट टाइमच आहे ना. लिहायचं कशाला?"

"काका, मी माझ्या जॉबबद्दल खोटं बोलणार नाही," मुलगी म्हणाली.

आमच्या दोघांची कार्डं आली. तिचं नाकारलं गेलं. परदेशी सैन्यात असलेल्यांना ते देत नाहीत. देशाने असा नियम करावा यात मला आजही गैर वाटत नाही. व्हिसा काढून जाता येईलच, असं म्हणून आम्ही ते बाजूला ठेवलं.

मग बाबांच्या मूत्रपिंडांनी साथ सोडली. भावाने फोनवर सांगितलं, "ते पोरीले विचारून राहिले. लवकर या." आम्ही त्याच दिवशी तिच्या व्हिसाला अर्ज केला. सैन्यातल्या माणसाचा अर्ज वेगळ्या तपासणीला जातो, हे तेव्हा कळलं. रोज सकाळी ती लॅपटॉप उघडून बघायची आणि बंद करायची.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "मी सोडते, आई. आय विल क्विट. मग तरी कार्ड देतील."

मी नियम पुन्हा वाचला. निवृत्त झालेल्यांनाही कार्ड मिळत नाही, असं त्यात स्पष्ट होतं. मी तिला ते वाचून दाखवलं नाही, स्क्रीन नुसती तिच्याकडे वळवली.

बाबांना हे भावाकडून कळलं असावं. त्यांनी मुद्दाम फोन लावायला सांगितला. आवाज फार बारीक झाला होता. "सोडू नको, बाई. आपल्याले आत जायले लई वर्षं लागली."

"मग तुम्ही थांबा, आबा. मी येतेय."

"थांबतो ना."

डॉक्टरांनी आता दिवस सांगता येत नाहीत म्हटल्यावर मी एकटी निघाले. मी खोलीत शिरले तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे दाराकडे. बराच वेळ ते दाराकडेच बघत राहिले. "मागून येते आहे," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, खरं वाटलं म्हणून की माझं मन राखायला, मला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

पलटणीतले त्यांचे दोन म्हातारे साथीदार काठ्या टेकत आले. त्रिसरण-पंचशील झालं. पोरीला दिसावं म्हणून भावाने फोन उंच धरला होता, पण चित्र सारखं थबकत होतं. एकदा ती दिसली, किचनच्या खुर्चीत, पांढऱ्या कपड्यांत, ताठ बसलेली. मग फक्त आवाज, मग तोही नाही.

मी परतीच्या विमानात बसायच्या आदल्या दिवशी तिचा व्हिसा मंजूर झाला.

ऑटवाच्या विमानतळावर ती एकटीच घ्यायला आली होती. पार्किंगमध्ये, दार उघडायच्या आधी, तिने विचारलं, "खांदा कोणी दिला?"

आमच्याकडे मुलीही खांदा देतात, हे तिला ठाऊक होतं.

"मामाने. मामाच्या दोन्ही मुलांनी."

"आणि चौथा?"

"मी."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या उजव्या खांद्यावरची बॅग हळूच काढली आणि आपल्या खांद्याला लावली.