अकरा किलोमीटर मागे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही — आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या प्रशांतला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, तेही मला धड ठाऊक नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा लॉनवरचा स्प्रिंकलर बंद करायला, आणि एकदा — काहीच कारण नव्हतं. नुसता उठलो.

प्रशांत आणि मी २००१ मध्ये टेक्सासला आलो, एकाच प्रोजेक्टवर. अर्विंगला दोन खोल्यांचं अपार्टमेंट शेअर केलं. मी पुण्याचा, तो सांगलीकडचा. त्याच वर्षी लेऑफ सुरू झाले आणि आमच्या मजल्यावरची निम्मी माणसं महिनाभरात दिसेनाशी झाली. आम्ही दोघं टिकलो. असे दिवस बरोबर काढले की माणूस नुसता रूममेट राहत नाही. माझ्या लग्नात माझ्या मागे तोच उभा होता.

त्याचे वडील, आबा, पोस्टमन होते. कृष्णेकाठच्या सात-आठ गावांत सायकलवरून टपाल वाटायचे. प्रशांत लहानपणी सुट्टीच्या दिवशी पुढच्या दांडीवर बसून त्यांच्याबरोबर जायचा. पुढे आम्ही दोघं जवळच्याच प्लेनो गावी राहायला गेलो; तिथल्या रुंद, सरळ रस्त्यांवर शनिवारी सायकली काढल्या की म्हणायचा, “नदी पाहिजे रे. नदीच्या कडेनं चालवली की दम लागत नाही, आबा म्हणतात.” मग ऑफिसातल्या कुणीतरी फ्रान्समधल्या दोर्दोन नदीच्या खोऱ्याचे फोटो दाखवले, आणि प्रशांतनं ते डोक्यात घेतलं. दोन वर्षं तो नकाशे घेऊन बसला. २००५ च्या सप्टेंबरात आम्ही गेलो — दोघंच, नऊ दिवसांसाठी.

खोरं सुंदर होतं. हे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी तिथे पहिल्यापासूनच चिडलेला होतो. एका बाजूला चुनखडीचे पिवळसर कडे, दुसऱ्या बाजूला संथ हिरवं पाणी. अक्रोडाच्या बागा, तंबाखू वाळवायची काळी लाकडी कोठारं, आणि दुपारी बारा वाजले की कुलूप लागलेली गावं. रस्त्यावर गाड्या जवळजवळ नाहीतच.

पण प्रशांत थांबायचा. प्रत्येक पुलावर, प्रत्येक कोठारापाशी. झाडाखाली पडलेले अक्रोड वेचायचा. एखाद्या म्हाताऱ्यानं हात केला की उतरून त्याच्याशी खुणांनी बोलत बसायचा. मी पुढच्या वळणावर एक पाय टेकून उभा. आणि संध्याकाळी फोन. युरोपात चालणारा फोन फक्त माझ्याकडे होता, कंपनीचा. नंबर त्याच्या घरी दिलेला. हॉटेलवर पोचलो की तो आबांना लावायचा — “आबा, आज बेचाळीस झाले.” आणि पलीकडून आबा विचारायचे, चढ किती होता, वारा कुठून होता. मला शेजारून ऐकू यायचं. वीस-वीस मिनिटं ते दोघं वाऱ्याबद्दल बोलायचे.

मला याचा राग यायचा? हो, यायचा. माझ्या वडिलांनी मला असं कधी काही विचारलं नाही. पण हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. तेव्हा काय काय मनात होतं, तेवढं सांगतोय.

पाचव्या दिवशी, अकराच्या सुमाराला, प्रशांतचा मागचा टायर गारगोटीवर कापला गेला. ट्यूब आमच्याकडे होती, पण टायरच इंचभर फाटलेला — त्यात ट्यूब घालून काय उपयोग? पुढचं मोठं गाव अकरा किलोमीटरवर. ठरलं असं की मी जायचं, टायर घ्यायचा, परत यायचं. सामानाच्या पिशव्याही मी त्याच्यापाशीच ठेवल्या. सायकल हलकी झाली. निघताना मी म्हणालो, “इथंच थांब. हलू नकोस.” तो एका अक्रोडाखाली बसला.

गावात पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. सायकलचं दुकान दोनपर्यंत बंद. यात माझा काहीच दोष नव्हता. मी चौकातल्या एका छत्रीखाली बसलो, ऑम्लेट मागवलं, थंड वाइन मागवली. आणि — कसं सांगू — फार बरं वाटलं. पाच दिवसांत पहिल्यांदा मी कुणासाठी थांबलेलो नव्हतो.

पाऊण वाजता फोन वाजला. सुजाताताई होती, प्रशांतची मोठी बहीण. आवाज घाईचा, पण रडवेला नव्हता.

“प्रशांतला दे रे. आबांच्या छातीत दुखत होतं, मिरजेला आणलंय. ऑपरेशन करायचं म्हणतात. तासाभरात आत नेतील. त्यांना त्याच्याशी बोलायचंय.”

मी म्हणालो, “तो थोडा मागे आहे, ताई. अर्ध्या तासात फोन करायला सांगतो.”

अर्धा तास. हा आकडा मी उगाच सांगितला नव्हता. सपाट रस्ता, हलकी सायकल, अकरा किलोमीटर — अर्ध्या तासात मी सहज पोचलो असतो. टायर नंतर आणता आला असता. फक्त फोन त्याच्या हातात द्यायचा होता.

ऑम्लेट समोर होतं. ते संपवू, म्हटलं. मग म्हटलं, आत्ता जायचं, परत टायरसाठी यायचं, पुन्हा जायचं — एवढी ये-जा? दोनला दुकान उघडेल, एकदाच जाऊ. हल्ली अशी ऑपरेशनं रोज होतात. शुद्धीवर आले की बोलतील. प्रशांतला भर रस्त्यात घाबरवून काय करायचं? अशी एकामागून एक वाक्यं मनात येत गेली, आणि प्रत्येक वाक्य शहाण्या माणसाचं वाटत होतं. मी दुसरा ग्लास मागवला. मग नदीकाठच्या गवतावर जाऊन आडवा झालो.

अडीचला उठलो, टायर घेतला आणि निघालो. गावाच्या पुलावरच प्रशांत समोरून येताना दिसला — दोन्ही सायकलींचं सामान आपल्या एकट्या सायकलवर लादून, ती ढकलत. दोनपर्यंत त्यानं माझी वाट पाहिली होती. मग लगेचच एक ट्रॅक्टरवाला भेटला, त्यानं त्याला अलीकडच्या गावापर्यंत आणून सोडलं. तोंड लाल झालं होतं. चिडलेला नव्हता. “काय रे, काय झालं?” एवढंच म्हणाला.

आणि मी म्हणालो, “मी येऊन गेलो. तू नव्हतास.”

मी ठरवून बोललो नाही. तोंडातून गेलं. पुढे काय म्हणायचं तेही मला माहीत नव्हतं. त्यानं एक प्रश्न विचारला असता — किती वाजता, कुठल्या झाडापाशी — तर मी तिथेच सापडलो असतो. पण त्यानं विचारलं नाही. तो म्हणाला, “अरे, मी सायकल ढकलत पाण्यासाठी मागच्या एका घराकडे गेलो होतो. दहाच मिनिटं. तेवढ्यात आलास होय? चुकलंच माझं.”

त्यानंच माझं खोटं पुरं करून दिलं. मग मी त्याला सुजाताताईच्या फोनचं सांगितलं.

त्यानं पुलाच्या कठड्याला टेकून नंबर लावला. आबांना आत नेऊन अर्धा तास झाला होता. ताईनं सांगितलं, तिला पुन्हा लाइन मिळाली नाही, आणि दारापाशी त्यांनी दोनदा विचारलं — लागला का फोन? तिनं सांगितलं, लागतोय, प्रशांत सायकलवर आहे. ते बरं म्हणाले.

आबा टेबलावरून परत आले नाहीत.

प्रशांत बोर्दोहून पॅरिस आणि तिथून मुंबईला गेला. मी प्लेनोला परतलो. महिन्यानं तो आला तेव्हा एअरपोर्टवर घ्यायला मीच गेलो होतो. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, “तू सांगितलं होतंस, हलू नकोस म्हणून.” मी हायवेकडे बघत राहिलो.

तेव्हा का नाही बोललो? आणि नंतर? नंतर तर शेकडो वेळा संधी आली. गणपतीत, संक्रांतीला, कुणाच्या घरी जेवायला जमलो की फ्रान्सचा विषय निघायचा, आणि प्रशांतच सांगायचा — हा बिचारा उन्हातून परत आला होता माझ्यासाठी, मीच जागेवर नव्हतो. कुणाच्या तरी भारतातून आलेल्या काकू माझ्याकडे वळून म्हणायच्या, असे मित्र मिळायला नशीब लागतं. मी ताट घेऊन किचनमध्ये जायचो.

एक गोष्ट अजून राहिली आहे. मघाशी मी लिहिलं, गवतावर आडवा झालो. तुम्हाला वाटलं असेल, डोळा लागला. मी स्वतःलाही बरीच वर्षं तेच सांगत आलो — दमलो होतो, झोप लागली. झोप लागली नव्हती. मी पूर्ण तासभर जागा होतो. नदीतून जाणाऱ्या होड्या बघत होतो. दोनदा घड्याळ पाहिलं. आत्ता निघालो तरी पोचतो, हे एकदा हिशोब करून पाहिलं. फोन छातीवर ठेवलेला होता. आणि मी उठलो नाही. प्रशांतला एकदा तरी थांबायला लागू दे, असं मला वाटत होतं.

एवढंच ते कारण. याहून मोठं काही नाही.

या जुलैतली गोष्ट. प्रशांतची गाडी दुरुस्तीला होती. तो डाउनटाउनहून लाइट रेलनं येणार होता आणि मी त्याला प्लेनोच्या स्टेशनवर घ्यायचं होतं. ‘पार्किंगमध्ये थांब, येतोच,’ म्हणून मी सांगितलं आणि मीटिंग लांबली. त्याच्या फोनची बॅटरी संपलेली. मी पोचलो तेव्हा दीड तास उलटून गेला होता. बाहेर चाळीसच्या वर ऊन. रस्त्यापलीकडे एसी कॉफी शॉप. आणि हा पार्किंगच्या मधोमध, दिव्याच्या खांबाच्या हातभर सावलीत, शर्ट भिजून अंगाला चिकटलेला — उभा.

“अरे, समोर जाऊन बसायचं ना,” मी म्हणालो.

“तू आला असतास आणि मी नसतो तर?” तो म्हणाला. अगदी साधेपणानं.

मी दार उघडलं. तो बसला, पट्टा लावला, एसीची झडप स्वतःकडे वळवली. त्याच्या घरापर्यंत वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मी त्याला ऑफिसच्या मीटिंगबद्दल सांगत राहिलो.