खानावळीचं दार

रस्ता रुंद करताना बिडकीनच्या वाटेवरची एक खानावळ पाडली. दुसऱ्या दिवशी तिथून जाताना पाहिलं, तर मालकीणबाई ढिगाऱ्याशेजारी चूल पेटवून भाकरी थापत होत्या. मोडक्या फळ्यांतले खिळे उपटून त्या डब्यात टाकत आणि लाकूड चुलीत सारत. रंगवलेली फळी मात्र बाजूला. तिच्या धुराचा भाकरीला वास लागतो. दाराची सागवानी चौकट तेवढी त्यांनी दगडांचा टेकू देऊन उभी केली होती.

"ही बराच वेळ जळेल," असं म्हणत मी तिला वळसा घालून चुलीपाशी गेलो.

त्यांनी भाकरी उलटली. वर न बघता म्हणाल्या, "दारातून या, भाऊ. खानावळ हाय ही."

भिंत एकही नव्हती. मी मागं फिरलो आणि मान वाकवून दारातून आत आलो.